वाढत्या अंगाची पँट

मास्तरांच्या दुकानातून लहान मुलाचा कपडा कधी मापाचा बाहेर पडला नाही. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि तोंडात दोन-तीन टाचण्या. मूल समोर उभं राहिलं की ते आधी त्याच्या पावलांकडे बघत, मग आईबापांच्या उंचीकडे, आणि मग विचारत, "वाढत्या अंगाचा ठेवू ना?" विचारत म्हणजे काय, सांगतच. शाळा सुरू झाली की त्या भागातली निम्मी मुलं आपापल्या बाह्यांमध्ये स्वतःचे हात शोधत फिरायची. पुढे कधीतरी तो शर्ट अंगाला नीट बसायचा, पण तोवर कॉलर विरलेली असायची. बसलेला शर्ट असा कुणी फारसा पाहिलाच नाही. तरी तक्रार नव्हती. आपलं मूल अजून एवढं मोठं होणार आहे, हे मास्तर कापडात शिवून हातात देत, आणि ते कुठल्या आईबापाला नको असतं?

टाचण्यांचंही एक होतं. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला बोलावं लागत नाही. गिऱ्हाईक घाई करू लागलं, शेजारी राजकारण काढू लागला, बायकोने दुरुस्तीला आलेल्या मिक्सरचा विषय काढला, की मास्तरांचा हात टाचण्यांच्या डबीकडे जायचा. "हूं" आणि "अंहं" एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी अर्धा संसार रेटला होता.

दुकानाच्या मागच्या खोलीत घर. तिथे बायको काज-बटणं करायची, आणि तिथेच त्यांची एकुलती एक लेक एके वर्षी अचानक वाढायला लागली. अकराव्या वर्षी ती आईच्या खांद्याला लागली आणि बाराव्या वर्षी आईला मागे टाकून गेली. हात तर असे लांब, की जेवताना टेबलाच्या पलीकडचं मीठ ती न उठता घ्यायची. शाळेतल्या बाकीच्या मुली तिच्या कोपराशी बोलायच्या. असल्या मुलीला फुटबॉलच्या मैदानावर नेलं की कुठे उभी करणार? गोलमध्ये. तिने हात पसरले की समोरच्या मुलींना जाळी दिसेनाशी व्हायची. पहिल्याच स्पर्धेत तिच्यावरून एकही चेंडू गेला नाही, आणि तेव्हापासून मैदानावर तिचं नाव पडलं 'भिंत'. मास्तरांना लोक भिंतीचे बाबा म्हणू लागले. भिंतीचे बाबा म्हणजे गवंडी झाले की, असं म्हणून मास्तर स्वतःच हसायचे.

गोलकीपरला मातीत आडवं पडावं लागतं, म्हणून तिची पँट लांब असते आणि गुडघ्याला स्पंजची गादी असते. दुकानात मिळणाऱ्या पँटा मास्तरांच्या डोळ्यांना खुपल्या. त्यांनी स्वतः शिवली. काळी, दणकट, गुडघ्यावर दुहेरी गादी, आणि खाली आतल्या बाजूला भरपूर दुमड. मुलगी वाढेल तशी सोडत जायची. त्या दुमडीत त्यांनी किती उंची धरली होती हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण पँट उलटी करून बघणाऱ्याला वाटलं असतं, ही मुलगी विजेच्या खांबाएवढी होणार आहे.

घरात या सगळ्याचा ढोल वाजवायला मामा होता. मामा म्हणजे मास्तरांचा मेहुणा, शाळेची व्हॅन चालवायचा, आणि समोरचा रस्ता दिसावा म्हणून बुडाखाली दोन उशा घेऊन बसायचा. "उंची काय दाजी, ती आपल्या घराण्यातच आहे," असं तो त्या उशांवरून म्हणे. रोज दुपारी व्हॅनमधली पोरं त्याच्याकडून भाचीचं भविष्य ऐकायची: आधी मोठी अकादमी, मग देशाचा संघ, मग विमान. विमानात मामाची जागा खिडकीपाशी होती.

फक्त क्लबच्या कोच मॅडम या ढोलाला हात लावत नव्हत्या. त्या स्वतः कधीकाळी खेळलेल्या, गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालेल्या, आणि आशेच्या बाबतीत अत्यंत कंजूष. दर हंगामाला त्या पालकांना मैदानाच्या कडेला बसवून तेच सांगायच्या. "मुलगी चांगली आहे म्हणजे आज चांगली आहे. कुणी आधी वाढतं, कुणी मागून. घरी विमानाच्या गप्पा मारू नका." पालक माना डोलवायचे आणि घरी जाऊन विमानाच्या गप्पा मारायचे. मास्तरांना त्या एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "तुमची मुलगी धीट आहे. पाय तर फारच चांगले आहेत. उंचीवर जाऊ नका." मास्तरांनी घरी सांगितलं, "मॅडम म्हणाल्या, फारच चांगली आहे." मधलं सगळं गळून गेलं. माणूस ऐकतानासुद्धा कापून शिवून घेतो.

आणि मग लेक वाढायची थांबली.

एखादी गोष्ट थांबली हे एका दिवशी कळत नाही. मास्तरांना ते इतरांच्या कपड्यांवरून कळलं. संघातल्या इतर मुली दुरुस्तीला पँटा घेऊन येऊ लागल्या. सोडा, वाढवा, आणखी वाढवा. कोपराशी बोलणाऱ्या मुली आता नाकासमोर बोलू लागल्या, आणि एक तर चक्क वरून बोलू लागली. घरची काळी पँट मात्र दोरीवर वाळत असताना जशीच्या तशी. दुमड भरलेली, एक टाकाही न सोडलेली.

लेकीला कळत नव्हतं असं नाही. ती मैदानावरच्या लोखंडी बारला लोंबकळायची. तळहात सोलवटून घरी यायची आणि भात कालवताना ओठ दाबायची. दुधाचे पेले रिकामे करायची. मामाने कुठलीशी पावडर आणून दिली, तिने मामा सोडून कुणाचीच उंची वाढली नाही. तो म्हणाला मला आता एकच उशी लागते. झोपताना ती पाय ताणून, बोटं टोकाला लावून झोपायची, जणू रात्रीतून कुणी येऊन मोजणार आहे. एकदा दुकानात येऊन, उगाच कात्रीशी चाळा करत तिने विचारलं, "बाबा, पँट अजून लांबच होते का हो मला?"

मास्तरांनी डबीतल्या टाचण्या तोंडात घातल्या. "हूं."

"हूं म्हणजे?"

"अंहं."

ती गेली. पाठमोरी जाताना तिचे खांदे असे पडलेले, की मास्तरांना क्षणभर शर्टाचं माप चुकलं असं वाटलं.

पहिल्या वेळी त्यांनी काहीच ठरवून केलं नव्हतं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पँटेची खालची कड मातीत घासून फाटली होती. मास्तरांनी फाटका भाग आत घेतला, तुरपाई घातली, इस्त्री फिरवली. दोन बोटं कापड आत गेलं. दुसऱ्या दिवशी लेक पँट घालून बाहेर आली, आणि बायको हातातली बटणं टाकून ओरडली, "अगंबाई! अहो, बघितलंत का? घोटे उघडे पडले हिचे! पँट आखूड झाली!"

लेकीने खाली बघितलं. मग बापाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे काही उजाडलं ते मास्तरांनी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. सांगायला तोंड उघडलं तर टाचण्या नव्हत्या, तरी शब्द फुटला नाही. 'अगं, फाटली होती म्हणून' एवढंच तर म्हणायचं होतं. ते म्हणाले, "आण इकडे, सोडून देतो."

त्या आठवड्यात ती वाघिणीसारखी खेळली. कुणाच्याही पायावर झेप घ्यायची, आरडाओरडा करून सगळी बचावफळी हलवायची. मॅडमसुद्धा टाळ्या वाजवत्या झाल्या.

मग सवय लागली. दारूड्याची असते तशीच, फक्त सुईदोऱ्याची. दुपारी लेक शाळेत आणि बायको पडलेली असताना मास्तर ती काळी पँट बाहेर काढायचे, गुपचूप दोन बोटं आत घ्यायचे, जुन्या टाक्यांवर इस्त्रीची वाफ द्यायचे. पुढच्या सामन्याला घोटे उघडे पडायचे, घरात आरोळी उठायची, आणि मास्तर सगळ्यांसमोर, चष्मा पुसून, पँट मांडीवर घेऊन तीच दोन बोटं समारंभाने बाहेर सोडायचे. आत जाणारं कापड कुणी पाहत नव्हतं, बाहेर येणारं सगळे पाहत होते. पँट जिथल्या तिथे, मुलगी जिथल्या तिथे, फक्त घरातली आशा बोटा-बोटाने वाढत होती. मामा व्हॅनच्या खिडकीतून ओरडायचा, "दाजी, पुन्हा सोडली म्हणे? कापड पुरेल ना? नाहीतर ताडपत्री घ्या!"

मोजण्याची वेळ आली तर मास्तरांकडे उत्तर तयार होतं. "टेपने वाढ कळत नाही पोरी, टेप ताणली जाते, माणूस वाकतो. कपडा खोटं बोलत नाही." आयुष्यभर टेपवर पोट भरलेल्या माणसाने टेपबद्दल असं बोलावं! पण लेकीचा बापाच्या धंद्यावर विश्वास होता. डॉक्टरच्या मुलीने तापाबद्दल बापाचं ऐकावं, तसं तिने ऐकलं.

चेंडूला मात्र पँटेशी कर्तव्य नव्हतं. समोरच्या संघांना हळूहळू कळू लागलं की भिंतीवरून मारलं की जातो. गोलच्या आडव्या बारच्या खाली, बरोबर तिच्या बोटांच्या वर. ती उडी मारायची, बोटं हवेत राहायची, मागे जाळी हलायची. प्रत्येक वेळी ती उठून हातमोज्यांकडे बघायची, जणू चूक त्यांची होती.

एके संध्याकाळी मॅडम बॅगेची चेन बसवून घ्यायला दुकानात आल्या. चेन बिघडलेली नव्हती हे मास्तरांनी बघताक्षणी ओळखलं.

"मास्तर, मोठ्या अकादमीची निवड चाचणी जवळ आली. या वयोगटाची शेवटचीच. पुढच्या वर्षी तुमची लेक त्यात बसत नाही."

"हो, मामा रोज सांगतो."

"मामाचं राहू द्या. तिथे गोलकीपरला उंची मोजतात आणि कमी भरली की चेंडूला हातसुद्धा लावू देत नाहीत. मी तिला मागच्या फळीत खेळवायचं म्हणते. चेंडू कुठे पडणार हे तिला आधी कळतं, पाय आहेत, ओरडते छान. उरलेल्या दिवसांत मी तिला तयार करीन. तिथे तिची काहीतरी आशा आहे. आशा म्हणते हं, खात्री नाही म्हणत."

"मग सांगा की तिला."

"सांगितलं. ती काय म्हणाली माहितेय?" मॅडमनी चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. "म्हणाली, मॅडम, मी वाढतेय. बाबा दर महिन्याला पँट सोडतात."

मशीनचं चाक आपोआप थोडं फिरलं आणि थांबलं.

"मला ती वाढताना दिसत नाही, मास्तर. पण मी शिंपी नाही. तुम्ही आहात. तुम्ही तिला सांगा. शनिवारपर्यंत मला कळवायचंय ती कुठे खेळणार ते."

मास्तरांचा हात डबीकडे गेला. मॅडमनी डबी उचलून पलीकडच्या कपाटावर ठेवली. "शनिवारपर्यंत," त्या म्हणाल्या आणि चांगली चेन असलेली बॅग घेऊन गेल्या.

त्या आठवड्यात मास्तरांनी सांगायचे जेवढे प्रयत्न केले तेवढे लग्न ठरवतानाही केले नव्हते. एकदा ते लेकीबरोबर मैदानापर्यंत चालत गेले. वाटेत हवा, रस्त्याचे खड्डे, दुधाचा दर्जा हे सगळे विषय संपले आणि मैदान आलं. एकदा अभ्यास करताना तिच्याजवळ जाऊन बसले. "पोरी, एक सांगू का?" ती म्हणाली, "सांगा की," आणि वहीतून मान वर केली. इतकी सरळ, इतकी स्वच्छ मान, की मास्तर म्हणाले, "उजेडात बसत जा." मग शुक्रवारी दुपारी, घरात दोघंच असताना, त्यांनी बायकोसमोर पँट टाकली.

"हिला मी..."

"माहितेय," बायको म्हणाली. तिने सुईत दोरा ओवायचं थांबवलं नाही.

"काय माहितेय?"

"पहिल्या वेळी मी खरंच फसले. दुसऱ्या वेळी धुताना आतून बघितलं. चाळण झालीय टाक्यांची. आणि अहो, पायाची मोहरी वर गेली तर गुडघ्याची गादी मांडीवर जायला नको? ती आहे तिथेच आहे. मी बटणं लावते, आंधळी नाही."

"मग तू दर वेळी एवढी ओरडायचीस ती?"

बायकोचा दोरा सुईच्या भोकात जाईना. तिने तो ओला केला, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हुकला.

"मी ओरडले नसते तर तिने तुम्हाला विचारलं असतं, खरंच वाढले का म्हणून," ती म्हणाली. "मला वाटायचं, आज तुम्ही सांगाल. आज सांगाल."

"मला वाटलं, मध्येच खरंच वाढेल. मग सगळं आपोआप मिटेल."

"मलाही."

दोघं पँटेकडे बघत बसले. सांगायचं कुणी, यावर पुढे बराच वेळ बोलणं झालं, आणि शेवटी असं ठरलं की मास्तरांनी सांगायचं. शनिवारी मॅडमचा फोन आला. लेक शेजारीच उभी होती, बोटं एकमेकांत अडकवून. मास्तर म्हणाले, "गोलमध्येच राहू द्या."

पलीकडून मॅडम म्हणाल्या, "बरं."

चाचणीच्या दिवशी मामाने व्हॅन धुतली होती. वाटभर तो बोलत होता, त्यामुळे बाकी कुणाला बोलावं लागलं नाही. अकादमीच्या मैदानाला जाळीचं कुंपण होतं आणि पालकांनी कुंपणाच्या बाहेर थांबायचं होतं. सकाळी मागच्या फळीतल्या मुलींची निवड झाली. मास्तरांनी ती सगळी बघितली. एकेक मुलगी धावत जाऊन चेंडू अडवत होती, आणि मास्तरांना प्रत्येकीच्या जागी आपली लेक दिसत होती. या मुलीपेक्षा ती पुढे पोचली असती, ही चुकली ती चुकली नसती. ऊन चढलं तसा मामा म्हणाला, "दाजी, घाम का एवढा? आपला नंबर अजून आलाही नाही."

दुपारनंतर गोलकीपर मुलींना एका खोलीत बोलावलं. लेक आत गेली. थोड्या वेळाने दारातून शिट्टी गळ्यात अडकवलेला एक तरुण बाहेर आला आणि कुंपणाशी येऊन त्याने विचारलं, "तुमच्यात टेलर कोण आहेत?"

"हे! हे काय!" मामाने मास्तरांना जवळजवळ उचललंच. "बोलावलं दाजी! आत बोलावलं! सही करायला असेल!"

खोलीत भिंतीला मोजपट्टी ठोकलेली होती, तिच्यावर वर-खाली सरकणारी लाकडी फळी. बाजूला एक बाई बसल्या होत्या, थकलेल्या, दिवसभर मुलींना नाही म्हणून म्हणून आवाज बसलेला. फळीजवळ मास्तरांची लेक उभी. गाल लाल.

"बाबा, यांचं चुकतंय. यांची पट्टी जुनी आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षी शाळेत मोजलं तेवढंच भरतंय म्हणतात. मी म्हटलं, माझे बाबा टेलर आहेत. ते मोजतील. टेप आहे ना तुमच्या गळ्यात?"

टेप गळ्यात होती. ती कधी नव्हती?

बाई म्हणाल्या, "तिची समजूत पटावी म्हणून बोलावलं. मोजा तुम्ही, हरकत नाही."

लेकीने बूट काढलेच होते. तिने टेपचं टोक स्वतः टाचेखाली धरलं, पाठ भिंतीला लावली, हनुवटी सरळ केली. "बरोबर धरा हं."

मास्तर टेप वर नेत गेले. पोटरी, गुडघा, कंबर. या अंगाचं प्रत्येक माप त्यांनी बाळंतपणाच्या दुपट्यापासून घेतलं होतं. धंद्यात अंगठ्याखाली टेप दाबून दोन बोटं कमी-जास्त करता येतात. जाड्या गिऱ्हाइकांची कंबर त्यांनी नेहमी अशीच सांगितली होती, आणि लोक खूश होऊन गेले होते. आत्ताही अंगठा तिथेच होता. बाईंना त्यांच्या आकड्याशी देणंघेणं नव्हतं. तो आकडा या खोलीत फक्त एकीला हवा होता. फक्त तिच्यासाठी, अजून एकदाच.

टेप तिच्या केसांवर टेकली. मास्तरांनी अंगठा काढला आणि आकडा वाचला.

आकडा गेल्या वर्षीचाच होता.

"परत मोजा," लेक म्हणाली.

त्यांनी परत मोजलं. परत तोच आकडा.

लेकीने भिंतीवरून पाठ काढली. तिने बापाकडे बघितलं नाही. ती खाली बघत होती. आधी मोहरीकडे, मग हळूहळू वर, गुडघ्यावरच्या गादीकडे. ती गादी बरोबर गुडघ्यावर होती. शिवली त्या दिवशी होती तिथेच. तिने वाकून तिच्यावर हात ठेवला, जणू तिथे लागलं होतं. मग मोहरी आतून उलटली. एकाखाली एक, एकाखाली एक, सुईच्या भोकांच्या ओळी. शिंप्याच्या मुलीला आणखी काही सांगावं लागत नाही.

बाई मऊपणे म्हणाल्या, "तू मागच्या फळीत खेळतेस का गं? पण ती निवड तर सकाळी झाली..."

"नाही," लेक म्हणाली. "मी गोलकीपर आहे." आणि तिने बूट उचलले.

परतीच्या वाटेवर मामा बराच वेळ अकादमीला शिव्या देत होता. पट्टी जुनी, बाई खडूस, सगळं आधीच ठरलेलं. मागच्या बाकावरून लेक म्हणाली, "मामा, गप्प बस ना." मामा गप्प बसला. पुढे एका वळणावर त्याने उशी नीट करायच्या निमित्ताने डोळे पुसले.

त्यानंतर बरेच दिवस घरात कुणी उंच आवाजात बोललं नाही. लेक शाळेत जायची, यायची, जेवायची, मीठ लागलं तर उठून घ्यायची. बापाशी बोलणं बंद असं नव्हतं. "हूं" आणि "अंहं" एवढं होतं. हे दोन शब्द समोरून ऐकायला कसे लागतात, हे मास्तरांना या वयात कळलं. ते दिवसभर मशीनपाशी बसून राहायचे, पायडलवर पाय, आणि मशीन बंद. एका बाईने मुलाचा शर्ट टाकला आणि सवयीने म्हणाली, "वाढत्या अंगाचा ठेवा हं." मास्तरांनी मुलाकडे बघितलं आणि त्यांना माप घेता येईना.

मॅडम एकदा दारावरून गेल्या. आत आल्या नाहीत. पण संध्याकाळी त्या लेकीबरोबर मैदानाच्या कडेला बसलेल्या मामाला दिसल्या. काय बोलत होत्या ते त्याला ऐकू आलं नाही, आणि पहिल्यांदाच त्याने ते स्वतः रचून सांगितलं नाही.

मग एका दुपारी लेक दुकानात आली. काळी पँट तिने मशीनवर ठेवली.

"सगळं उसवा," ती म्हणाली.

मास्तरांनी उसवलं. टाका टाका निघत गेला, दुमड उलगडत गेली, दाबून ठेवलेलं कापड सुटून मशीनवरून खाली लोंबलं. ते अजून नवं कोरं काळं होतं. वरची पँट धुऊन धुऊन विटली होती. तेवढं सगळं त्यांनी तिच्यासाठी धरून ठेवलं होतं. लेक ते बघत उभी होती.

"आता कापा."

"कुठे?"

"गुडघ्याच्या वर. शॉर्ट करा. मागे खेळणाऱ्यांना लांब पँट चालत नाही, पळता येत नाही. क्लबच्याच संघात. बाकी काही नाही. मॅडम म्हणाल्या, बसवतीलच असं नाही, बघू म्हणाल्या."

मास्तरांनी पेन्सिल काढली, कापडावर टेप लावली. सवयीने खूण त्यांनी चार बोटं खाली केली.

"बाबा."

"अगं, थोडी दुमड ठेवतो फक्त. पुढेमागे लागली तर..."

"नको," ती म्हणाली. "मापाची करा."

त्यांनी खूण पुसली. वर केली. कात्री उचलली, कापडावर ठेवली, आणि तशीच धरून राहिले. मुलाचा कपडा उभ्या आयुष्यात त्यांनी असा कापला नव्हता. दुसरा हात डबीकडे गेला. डबी अजून पलीकडच्या कपाटावरच होती, मॅडमनी ठेवली तेव्हापासून.

"पोरी, माझ्यामुळे तुझं..."

"कापा ना," ती म्हणाली. आवाज चिरका झाला आणि तिने तो तसाच राहू दिला. "मला पाचला जायचंय."

मास्तरांनी कात्री दाबली. पहिल्या गुडघ्याची गादी कापडासकट जमिनीवर पडली. लेकीने ती उचलली नाही. ती फक्त पुढे सरकली आणि कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं, कापताना सरकू नये म्हणून.

"सरळ कापा," ती म्हणाली. "डोळे पुसून घ्या आधी."